खाटा कुठून मोजायच्या

नर्सची ड्यूटी सहा तासांची असते. कायदाच तसा आहे, आणि चांगला कायदा आहे, त्याला कुणी नावं ठेवू नये. सहा तासांत कुणी मरत नाही. फक्त या मोंतेविदेओ शहरात सहा तासांच्या पगारावर घर चालवून दाखवणारी नर्स अजून जन्माला यायची आहे. म्हणून इथल्या बायका एक ड्यूटी संपवतात, बस पकडतात आणि दुसऱ्या इस्पितळात जाऊन दुसरी ड्यूटी सुरू करतात. सहा आणि सहा बारा. पण कागद दोन आहेत, आणि दोन्ही कागदांवर बाई नुकतीच झोपून उठलेली, न्हालेली, ताजीतवानी असते.

नेल्बा तेचेरा अशीच कागदावर ताजी होती. वय बावन्न, पायांच्या शिरा निळ्या, आणि सेरोच्या टेकडीवर दोन खोल्यांचं घर. सकाळी सहा ते बारा ती सरकारी इस्पितळात असायची, बायकांच्या वॉर्डात. तिथे बावीस वर्षं झाली होती. दुपारी एक ते सात ती दुसऱ्या एका इस्पितळात असायची. ते दरमहा वर्गणी भरणाऱ्या सभासदांचं, तिथे पुरुषांचा वॉर्ड. तिथला पगार बरा, पण पाच वर्षं ती तिथे बदली म्हणूनच राबत होती. कायम झाली असती तर त्या एका पगारात भागलं असतं.

आणि यंदा तो योग आला होता. एक ऑगस्टला एक जागा निघणार होती आणि यादीत पहिलं नाव नेल्बाचं होतं. लोक अशा वेळी काय काय ठरवतात, कुणी समुद्रकिनारी जायचं ठरवतं, कुणी भिंतींना रंग द्यायचं. नेल्बानं झोप ठरवून ठेवली होती. सकाळची नोकरी सोडायची आणि नऊ वाजेपर्यंत झोपायचं. खिडकी बंद, पायाशी गरम पाण्याची बाटली, आणि गजराचं घड्याळ शेजारणीला देऊन टाकायचं. शेजारणीला तसं सांगूनही ठेवलं होतं.

आता खाटांचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच अडलं.

सरकारी इस्पितळात खाटा खिडकीकडून मोजतात. पूर्वी तिथे नन होत्या, खिडकीत मेरीची मूर्ती होती, तिच्यापासून एक नंबर सुरू व्हायचा. नन गेल्या, मूर्ती गेली, मोजणी राहिली. सभासदांच्या इस्पितळात खाटा दाराकडून मोजतात, शहाण्या माणसांनी मोजाव्यात तशा. म्हणजे चार खाटांच्या खोलीत एकीकडची चौथी खाट ती दुसरीकडची पहिली. पाट्या आहेत की खाटांवर, असं कुणी म्हणेल. आहेत ना, अंगठ्याच्या नखाएवढ्या, त्यांतल्या निम्म्या गळून पडलेल्या. नर्स पाट्या वाचत नाही. तिचे पाय मोजतात.

म्हणून नेल्बानं पायांचाच बंदोबस्त केला होता. सकाळी पांढरे बूट, दुपारी निळे. बसमध्ये बसली की डोळे मिटण्याआधी ती बूट बदलायची. "पाय बदलले की डोकं बदलतं," ती म्हणायची. दुपारच्या वॉर्डाची इनचार्ज इवोन तिला चिडवायची, "आणि चुकून एक पांढरा, एक निळा घातलास तर गं?"

"मग मधल्या खाटेपासून मोजीन."

पाच वर्षांत हे बूट एकदाही चुकले नव्हते.

जुलैतल्या एका मंगळवारी संध्याकाळी सातला तिला सोडवायला येणारी नर्स आलीच नाही. अशा वेळी नियम सोपा आहे. बदली आली नाही तर वॉर्ड सोडायचा नाही, रोग्यांना वाऱ्यावर टाकून कुणी घरी जात नसतं. नेल्बा एकपर्यंत थांबली. घरी पोचेस्तोवर दोन झाले, आणि पावणेपाचला गजर झाला. बुधवारी सकाळी सरकारी वॉर्डात ती उभी होती ती केवळ टेबलाला धरून. थर्मॉस काखेत, हातात येर्बाच्या कडू चहानं भरलेला वाळक्या भोपळ्याचा पेला, नळीनं चोखत चोखत तिनं सकाळ ढकलली. बाराला सुटका होती, तर बसवाल्यांनी दोन तासांचा बंद पुकारला. तिथली बदली नर्स चालत आली, एकला दहा कमी असताना. मग नेल्बाही चालत निघाली. नदीवरून सुटलेला वारा कानांत शिरत होता आणि पाऊस पाडावा की नाही हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. बस नाही म्हणजे बसायला नाही, बसायला नाही म्हणजे बूट बदलायला नाही.

"आलीस?" इवोन म्हणाली. "अर्धी मेल्यासारखी दिसतेस."

"अर्धीच ना? मग आज बरी आहे."

निळे बूट पिशवीतच राहिले.

त्या वॉर्डात दाराजवळच्या खाटेवर, म्हणजे एक नंबरला, वाल्देमार सिल्वेरा होता. वय त्र्याऐंशी, छातीत कफ साठून न्यूमोनिया झालेला, आता उतारावर. चाळीस वर्षं त्यानं बंदराजवळच्या वखारीत लोकर निवडली होती. बोटांत घेऊन सांगायचा, ही तलम, ही मध्यम, ही गोधडीत भरायची. अजूनही चादर बदलली की कोपरा चिमटीत धरून तोंड वाकडं करायचा. शुक्रवारी तो घरी जाणार होता. घरी बायको होती, एलिदा. तिला दिसत नव्हतं. समोरची बाई शुक्रवारपर्यंत तिच्याकडे बघते म्हणाली होती, त्यापुढे तिला मुलीकडे जायचं होतं.

नेल्बा पहिल्या दिवशी त्याला "आजोबा" म्हणाली तर त्यानं डोळे वटारले होते. "आजोबा कुणाला म्हणतेस? मला नातवंडं नाहीत. असती तर तुझ्या हातची ही पाणचट पेज प्यायलो असतो का?"

"बरं, वाल्देमार."

"आता एकदम वाल्देमार? तू काय माझ्याबरोबर नाचायला येत होतीस?"

मग ती आजोबाच म्हणायला लागली आणि तो तक्रार करत राहिला. त्यांचं छान चाललं होतं.

खिडकीखाली, चार नंबरला, दार्दो होता. मधुमेहाचा जुना रोगी, तोंडानं भलता फटकळ. पाचच्या दूध-पावाआधी त्याला इन्सुलिनची सुई असायची. बुधवारी पाचला दहा कमी असताना नेल्बानं कागद वाचला: खोली सात, खाट चार, इन्सुलिन बारा युनिट. बरोबर वाचलं, सिरिंज बरोबर भरली, ट्रे घेऊन ती खोलीत शिरली आणि पांढरे बूट तिला सवयीनं दाराजवळच्या खाटेशी घेऊन गेले. मनगटावरची पट्टी वाचायची असते. तिनं मनगट धरलं, वाचलं नाही.

"ही कसली नवीन सुई?" वाल्देमारनं विचारलं.

"डॉक्टरांनी लिहिलीय, आजोबा."

"बरं बाई. तुला माहीत." आणि त्यानं दंड पुढे केला.

दूध-पाव आला. वाल्देमारनं दोन घोट दूध घेतलं, पाव बाजूला सारला. पाऊण तासानं नेल्बा खिडकीच्या पडद्याशी उभी होती, पडदा ओढायला हात वर गेला होता, आणि दार्दो म्हणाला, "काय सिस्टर, माझा पाव पोटात गेला, आता सुई मेल्यावर देणार का?"

नेल्बाचा हात तिथेच थांबला. तिनं खाली बुटांकडे पाहिलं. पांढरे.

ती दाराकडे पळाली, म्हणजे त्या पायांना जेवढं पळता येतं तेवढं. वाल्देमार घामानं भिजला होता. डोळे उघडे होते, पण ते कुणाकडेच बघत नव्हते, आणि तोंडातून शब्दांचा लगदा येत होता. तिनं बोटाला टोचून साखर पाहिली. अडतीस. पुढचं सगळं तिच्या हातांनी केलं. शीर शोधली, ग्लुकोज चढवलं, हाक मारली. इवोन आली, डॉक्टर बेन्तान्कूर आला. हा पोरगेलासा डॉक्टर, तोही कुठून तरी दुसरीकडून आलेला, कोटाच्या खिशात अर्धं खाल्लेलं सँडविच.

"जेवला होता का?" डॉक्टरनं विचारलं.

"कसला जेवतोय," इवोन म्हणाली. "दुपारचं ताट तसंच परत गेलं. चिमणीएवढं खातो."

"म्हणून साखर पडली." मग डॉक्टरनं कपाळ चोळलं. "पण मधुमेह नसलेल्या माणसाची एवढी पडत नाही. स्वादुपिंडात गाठबीठ असायची. मोठ्या इस्पितळात पाठवून सगळं तपासू. शुक्रवारचं घरी जाणं रद्द करा."

नेल्बाला कुणी काही विचारलं नाही. ती सुईवर बोट दाबून उभी होती. कारण तयार होतं, लिहिणारा तयार होता, आणि तिला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्याइतकं सोपं काम तिला गेल्या दोन दिवसांत कुणी दिलं नव्हतं.

सहाच्या सुमाराला वाल्देमार शुद्धीवर आला. घसा ओला करून म्हणाला, "पोरी, घाबरू नकोस. मी काही बोललो नाही. बोलणारही नाही."

"कशाबद्दल, आजोबा?"

"दार्दोनं सुई मागितली तेव्हा जीभ चालत नव्हती माझी, कान चालत होते."

नेल्बा खाटेच्या कडेला बसली. ड्यूटीवर बसायचं नसतं, पण बसली.

"किती तास झाले तुला?" त्यानं विचारलं.

"आठवत नाही."

"आमच्या वखारीत मुकादम होता, बास्क. शिव्या अशा द्यायचा की मेंढी ऐकेल तर लोकर गळून पडावी. पण चारच्या ठोक्याला तो आम्हाला टेबलापासून उठवायचा. म्हणायचा, दमलेलं बोट सगळ्याच लोकरीला तलम म्हणतं, माझा धंदा बसवाल. हंगामात फारच माल आला तर एका टेबलाला दोघं लावायचा. एकानं चाचपायचं, एकानं मोठ्यानं बोलायचं. लोकरीसाठी हं, हे सगळं." तो थोडा दम घेऊन थांबला. "तेवढा एलिदाला निरोप दे. शुक्रवारी येत नाही म्हण. आणि तिचे डोळ्याचे थेंब फडताळात उजवीकडे आहेत, डावीकडची बाटली व्हिनेगरची आहे. समोरच्या बाईला हे सांगायचं राहून गेलं."

नेल्बाला रडू आलं. ते दुःखाचं किती आणि झोपेचं किती, हे तिलाही सांगता आलं नसतं. तिला त्या म्हाताऱ्याचा रागही आला. त्यानं आरडाओरडा केला असता, तिला धारेवर धरलं असतं, तर सोपं झालं असतं.

ती टेबलाशी आली. इवोननं पाहिलं आणि तिला सगळं कळलं. "तू दिलीस?" तिनं हळूच विचारलं.

"मी दिली."

"कुणाला सांगू नकोस. नेल्बा, ऐक माझं. म्हातारा बरा आहे, साखर वर आलीय. चार तपासण्या होतील, काही निघणार नाही, दहा दिवसांनी घरी जाईल. यादी एक तारखेला लागतेय. पाच वर्षं गं."

"दहा दिवस त्याची बायको काय करील?"

"त्याची बायको तुझी कोण लागते?"

"कुणी नाही."

"मग?"

नेल्बा खुर्चीवर टेकली. तिच्या डोळ्यांपुढे बंद खिडकी होती, गरम पाण्याची बाटली होती, नऊ वाजेपर्यंतची सकाळ होती. उगाच कुणी तिला देवमाणूस करू नये, तिला ती झोप त्या क्षणी त्या आंधळ्या बाईपेक्षा जास्त हवी होती. तरी ती उठली. डॉक्टर जिन्याखाली उभा राहून सँडविचचा उरलेला तुकडा खात होता. ती म्हणाली, "गाठबीठ काही नाही डॉक्टर. चार नंबरचं इन्सुलिन मी एक नंबरला दिलं."

डॉक्टर चावायचा थांबला. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंत." आणि खरंच त्याला बरं वाटलेलं दिसलं. त्यानं तपासण्यांचा कागद फाडून टाकला.

मग चूक नोंदवायचा फॉर्म आला. कोण, कधी, काय औषध. खाली एक चौकट होती: चूक घडली तेव्हा ड्यूटीचे किती तास झाले होते?

"चार लिही," इवोन म्हणाली. "आपली ड्यूटी एकला सुरू होते. एकपासून पाच, चार."

नेल्बानं लिहिलं: आज अकरा. काल अठरा. मध्ये पावणेतीन तास झोप. चौकटीत मावलं नाही म्हणून कडेला लिहिलं.

रात्रभर साखर पाहिली, गुरुवारीही पाहिली, आणि वाल्देमार ठरल्याप्रमाणे शुक्रवारी घरी गेला. जाताना म्हणाला, "बरं केलंस. खोटं बोलायचं कबूल करून बसलो होतो, मला ते जमत नाही." आणि तिच्या एप्रनची बाही चिमटीत धरून पुटपुटला, "प्लास्टिक."

चौकशीला तीन जण बसले. खोलीत हीटर होता, नेल्बाचे डोळे मिटायला लागले, म्हणून ती मांडीला चिमटे काढत होती.

"आपली ड्यूटी एक वाजता सुरू झाली," मधला म्हणाला. "पाच वाजता आपण थकलेल्या कशा?"

"मी सहाला सुरू झाले, साहेब."

"ते आमच्याकडे नाही."

"आणि मंगळवारी रात्री एकपर्यंत मी तुमच्याकडेच होते."

"ते वेगळ्या रजिस्टरला आहे."

कागदी घोड्यांना झोप लागत नाही हा त्यांचा मोठाच फायदा. जुलैच्या शेवटच्या सोमवारी पत्र आलं. कायम जागेसाठी यंदा विचार करता येत नाही, बदली म्हणून काम चालू राहील. कर्मचाऱ्याने कामावर येताना पुरेशी विश्रांती घेऊन यावे. जागा यादीतल्या दुसऱ्या नावाला गेली, आणि खाटांवर ताटाएवढे नवे नंबर चिकटवले. तेवढं मात्र चांगलं झालं.

पत्र दुपारी दोनला मिळालं. नेल्बानं ते घडी करून एप्रनच्या खिशात ठेवलं आणि सलाईनच्या बाटल्या बदलल्या. शेजारणीला घड्याळाबद्दल काय सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

सातला दहा कमी असताना इवोन फोन ठेवून तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"येत नाहीये ना?" नेल्बा म्हणाली.

"मुलाला ताप आहे तिच्या. एकपर्यंत थांबशील? मीही थांबतेय. दुसरं कुणी नाही गं. सगळीकडे फोन केले."

नेल्बानं खिशातलं पत्र बाहेर काढलं, इवोनसमोर धरलं आणि हसली. इवोनही हसणार होती, पण तिला ते जमलं नाही.

"थांबते," नेल्बा म्हणाली. "वॉर्ड टाकून कुठे जाणार? पण सुया तू दे. माझा हात आज मला काही सांगत नाहीये."

इवोननं मान खाली घातली. "माझाही नाही. मी सहापासून आहे. मार्चपासून मुलांच्या इस्पितळात सकाळची धरलीय. इनचार्ज असून दुसरी ड्यूटी करते म्हणून कुणाला सांगितलं नाही."

नेल्बा तिच्याकडे बघत राहिली. हीच बाई फॉर्मवर चार लिही म्हणत होती, आणि का म्हणत होती ते आता कुठे कळलं: दोन्हीकडचे तास मोजायला लागले असते तर तिचेही मोजले गेले असते. तिला राग यायला हवा होता. तेवढं त्राण नव्हतं.

"तिकडे खाटा कुठून मोजतात?" तिनं विचारलं.

"भिंतीकडून. सगळ्या पाळण्यांना एकच भिंत आहे."

"चल तर. दोघी मिळून देऊ. एकीनं सुई धरायची, एकीनं पट्टी मोठ्यानं वाचायची, आणि नाव रोग्याच्या तोंडूनही ऐकायचं. वेळ लागू दे दुप्पट."

"वेळ कुठाय आपल्याकडे?"

"एकपर्यंत आहे."

ट्रे घेऊन दोघी सात नंबरच्या खोलीत शिरल्या. दाराजवळच्या खाटेवर, वाल्देमारच्या जागी, आता एक जाडजूड निवृत्त खाटीक होता. तीन दिवसांत त्याची आणि नेल्बाची चांगली गट्टी जमली होती. इवोननं त्याचं मनगट हातात घेतलं. नेल्बा सिरिंज धरून उभी राहिली.

"तुमचं नाव सांगा," ती म्हणाली.

"अहो सिस्टर, दुपार-संध्याकाळ मला नावानं हाक मारता, माझ्या बायकोच्या गुडघ्यांची चौकशी करता, आणि आज माझं नाव विसरलात?"

"हो," नेल्बा म्हणाली. "विसरले. तुम्हीच सांगा."